साडूने कोल्ड्रिंक सोडलं

४ फेब्रुवारी, रविवार
साडूने कोल्ड्रिंक सोडलं. आज सासूबाईंकडे जेवायला गेलो तेव्हा कळलं.
साडू म्हणजे हिच्या ताईचा नवरा. वजनात कायम माझ्यापेक्षा थोडा पुढे, त्यामुळे मला मनापासून आवडणारा माणूस. दर रविवारी आम्ही दोघं मोठी बाटली मध्ये ठेवून जेवायला बसतो; मधले दोन महिने काम आहे म्हणून तो आला नव्हता. आज बाटली माझ्या एकट्यासमोर आणि त्याच्यापुढे पाणी. विचारलं तर म्हणाला, "बंद केलं." बस्स. पंखा बंद केला म्हणावं तसं.
शर्ट आत खोचला होता! सासूबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "किती उतरलात हो," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मात्र आहात तसेच आहात." हे कौतुक नसावं.
परत येताना रस्ताभर हिचं दाजी दाजी चालू. दाजींचं मन खंबीर, दाजींनी ठरवलं ते केलं. मी म्हणालो, त्यात काय मोठंसं, मी मनात आणलं तर उद्या सोडेन. ही म्हणाली, "मग आणा ना मनात."
आणलं. उद्यापासून पूर्ण बंद.

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ
काहीही वाटत नाही. लोक उगाच बाऊ करतात.

त्याच दिवशी, संध्याकाळ
दुपारनंतर डोकं ठणकायला लागलं. मी गाद्यांच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. गिऱ्हाईक नवी गादी आडवं पडून बघत होतं, मला त्याच्या शेजारी पडावंसं वाटलं. गादी कडक आहे की मऊ, असं त्याने विचारलं. मी "थंडगार" म्हणालो.
शेवटी शेजारच्या दुकानात फक्त सुट्टे घ्यायला गेलो. दुकानदाराने मला बघताच सवयीने फ्रीज उघडून माझी बाटली काउंटरवर ठेवली, झाकणसुद्धा सैल करून दिलं. इतक्या वर्षांचे संबंध. त्याचं मन मोडणं बरोबर दिसलं नसतं.
शिवाय एकदम सोडणं शरीराला धोक्याचं असतं. हळूहळू कमी करणं हेच शास्त्रीय. साडूने एकदम सोडलंय, ते त्याला भोवणार. मला वाईट वाटेल. पण भोवणार.
नवा नियम: रोज एकच. लहान.

७ फेब्रुवारी, बुधवार
नियम उत्तम चालू आहे. एक लहान बाटली सकाळी, एक लहान संध्याकाळी. मोठी एकही नाही.
हिला सांगितलं, मी जवळजवळ सोडलंच आहे. ही म्हणाली, "हो का?" दाजींबद्दल बोलताना हिच्या आवाजात जो कौतुकाचा सूर असतो तो यात नव्हता. ऐकून ऐकून मला तो सूर आता पाठ झालाय.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
ही सकाळी फिरायला जायला लागली आहे. ताई आणि दाजींबरोबर. आज परत आली ती हसतच. गाल लाल. बुटांचे बंद सोडतानाही हसत होती. मी कारण विचारलं, तर दाजी कुठल्यातरी कुत्र्याला घाबरून दुसऱ्याच्या फाटकात शिरले, आणि त्या घरातल्या बाई त्यांना मीटर बघायला आलेला माणूस समजल्या. दाजींनी मीटर बघूनही दिलं म्हणे.
यात हसण्यासारखं काय आहे? मीही विनोदी माणूस आहे. शोरूममध्ये एक गिऱ्हाईक गादी बघता बघता घोरायला लागलं होतं, तो किस्सा मी लगेच सांगितला. ही म्हणाली, "हो, तो माहितीये मला."
ही माझ्यामुळे शेवटची कधी हसली, हे चहाच्या आधी आठवत बसलो. शोरूमला उशीर झाला. मालक बोलले.
आज तिसरी घ्यावी लागली. याला साडू जबाबदार.

११ फेब्रुवारी, रविवार
सासूबाईंकडे जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मीही सोडलं." ताटाशेजारी पाणी घेतलं आणि ते जरा उंच धरून प्यायलो, म्हणजे सगळ्यांना दिसावं.
साडू म्हणाला, "वा! फार कठीण असतं हो. अभिनंदन." किती गोड बोलतो. असली माणसं फार खोल असतात. सासूबाई "छान छान" म्हणाल्या आणि भाजी वाढायला लागल्या. माझ्या गालावरून हात वगैरे काही नाही. गाल मी जरा पुढेही केला होता.
जेवणानंतर पाय मोकळे करतो म्हणून खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पाय चांगलेच मोकळे झाले. अर्धी बाटली झाली तेव्हा वर लक्ष गेलं. सासूबाई गॅलरीत कपडे काढत होत्या. त्यांनी हात केला. मीही केला. सुदैवाने बाटली दुसऱ्या हातात होती.
त्यांची नजर आता तशी कमजोरच झालीये.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
आज जे ऐकलं ते लिहिणार नव्हतो.
लेकीच्या शाळेत पालकांची शर्यत आहे. मूल आणि एक पालक, हात धरून मैदानाला फेरी. मला ठाऊकच नव्हतं. मी आंघोळीहून येत होतो, ती स्वयंपाकघरात आईला सांगत होती की तिने मावशीकडच्या काकांना विचारलंय. म्हणजे साडूला! ही म्हणाली, "अगं, बाबांना तरी विचारायचंस. त्यांना काय वाटेल?"
लेक म्हणाली, "बाबांना विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. म्हणून नाही विचारलं."
मी पुन्हा बाथरूममध्ये गेलो. नळ सोडून ठेवला थोडा वेळ.
धावता मलाही येतं. कुणी धाव म्हणत नाही, एवढंच.

१७ फेब्रुवारी, शनिवार
डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साडू चोरून पितो!
पीतच असणार. कुठलाही माणूस असं "बंद केलं" म्हणून बंद करू शकत नाही. मी स्वतः मनाचा पक्का आहे, तरी मला जमत नाही. मग त्याला कसं जमेल? साधं लॉजिक आहे. आपण ज्याला देव्हाऱ्यात बसवलंय तो काय आहे, हे घरच्यांना कळलं पाहिजे. यात माझा काही स्वार्थ नाही.
सोमवारपासून पाळत.

१९ फेब्रुवारी, सोमवार
डॉक्टरकडे जातो म्हणून अर्धी रजा. साडूच्या विमा कंपनीसमोरच्या बसस्टॉपवर बसलो. पाळत ठेवणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी असावं, नाहीतर तो डोळ्यांवर येतो, म्हणून मोठी बाटली घेतली. ही कामाची बाटली, हिशेबात धरायची नाही.
साडू जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला. बरोबर ऑफिसातली तीन माणसं, सगळी हसत होती. पाण्याची बाटली काढून तो पाणी प्यायला. त्याला संशय आला असावा.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
सापडला! सापडला! सापडला!
त्याच्या घराजवळच्या सुपरमार्केटात मी साबणाच्या रॅकमागे उभा होतो. साडू आला. फ्रीजपाशी गेला. इकडे तिकडे बघितलं. मोठी बाटली काढली, आपलीच, नेहमीची. ती गालाला लावली आणि डोळे मिटून उभा राहिला. चांगला बराच वेळ. मग पिशवीत भाजीच्या खाली घातली.
मला इतका आनंद झाला की साबणाचे चार बॉक्स खाली पडले. ते उचलून दिले. कर्मचारी "राहू द्या हो काका" म्हणत होता, पण आज मी जगातल्या कुणालाही मदत केली असती.
हिला सांगितलं नाही. रविवारी. सगळ्यांसमोर.

२४ फेब्रुवारी, शनिवार
शर्यत झाली. ते दोघं तिसरे आले. लेक त्याच्या गळ्यात पडली, त्याने तिला उचलून गरकन फिरवलं. मी फोटो काढले. सगळ्यांत माझं बोट आलंय.
उड म्हणावं किती उडायचंय ते. उद्या रविवार आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार
काय झालं ते क्रमाने लिहितो. उद्या कदाचित मला ते वेगळं आठवेल.
जेवण अर्ध्यावर आलं होतं. सासूबाई शर्यतीचं कौतुक ऐकत होत्या. मी चमचा ताटावर वाजवला आणि उभा राहिलो. म्हणालो, "मला कुणाला दुखवायचं नाही, पण आपल्यातला एक माणूस आपल्याला फसवतोय. त्याने सोडलेलं नाही. तो लपून घेतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय."
सगळे माझ्याकडे बघत होते. मग ही हळूच म्हणाली, "अहो, बसा ना खाली. आम्हाला माहितीये. कबूल केलंत ते बरं झालं."
मी म्हणालो, "मी नाही! हे!" आणि साडूकडे बोट दाखवलं. गुरुवार, सुपरमार्केट, भाजीच्या खाली, सगळं सांगितलं.
ताई उठल्या. फ्रीजमधून ती बाटली आणली. सील शाबूत होतं. ती माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाल्या, "तुमच्यासाठी आणली होती यांनी. जेवण झाल्यावर द्यायची होती. तुम्हाला दर रविवारी उन्हातून कोपऱ्यावर जावं लागतं, त्यापेक्षा घरीच घ्या म्हणून. आईला वरून सगळं दिसतं."
सासूबाई म्हणाल्या, "बूच हातात घेऊन हात हलवता हो तुम्ही." त्यांची नजर चांगली आहे.
लेक ताटात बघत होती. साडू उठला, त्याने झाकण फिरवलं, माझा ग्लास भरला, फेस खाली बसू दिला आणि पुन्हा भरला. चेहऱ्यावर कसलाही विजय नाही. त्याने मला टोमणा मारला असता तर मी त्याचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. चांगुलपणातही हाच पुढे.
मी प्यायलो. सगळ्यांसमोर, सगळा ग्लास. गोड होतं.

२६ फेब्रुवारी, सोमवार
हिने विचारलं, "रागावलात?" मी म्हणालो, "रागावली आहेस ती तू. दाजींवर कधी रागावत नाहीस." ही म्हणाली, "दाजी माझ्याशी खोटं बोलत नाहीत हो. मग रागावू कशाला?"
मी डबा उचलून शोरूमला निघालो.

२८ फेब्रुवारी, बुधवार
साडू शोरूममध्ये आला. एकटा. मला वाटलं, आता हिशोब चुकता करणार. तर म्हणाला, गादी बघायचीये, झोप लागत नाही. मी त्याला मधली, ना कडक ना मऊ, अशी दाखवली. तो बूट काढून आडवा झाला आणि छताकडे बघत बोलायला लागला.
ताईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. डिसेंबरात तो ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडला. तपासलं तर शुगर भयंकर; आकडाही सांगितला. डॉक्टरने डोळे, किडनी, पाय, सगळं समजावून सांगितलं. तेव्हापासून भीतीने रात्ररात्र डोळा लागत नाही. म्हणाला, "लोक म्हणतात मन खंबीर. कसलं खंबीर? घाबरलोय मी. परवा तुमची बाटली घेतली तेव्हा ती नुसती गालाला लावून उभा राहिलो. रडू येत होतं."
मग मान वळवून म्हणाला, "तुमचा हेवा वाटतो हो मला. मनात येईल ते पिता, मजेत झोपता. घरी ही दहादा म्हणते, बघा ते कसे बिनधास्त असतात."
मी म्हणालो, "काय म्हणालात?" त्याने पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, "ताई असं म्हणतात? दहादा?" तो हो म्हणाला.
इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. आणि बघतो तर माझा हात त्याच्या पायावर होता, गिऱ्हाईकाच्या पायाला आम्ही कधी हात लावत नाही. पाय गार होता. मी म्हणालो, "पडा थोडा वेळ. मालक जेवायला गेलेत." त्याचा डोळा लागला. कुणी जवळ आलं तर मी ओठांवर बोट ठेवत होतो. तीन गिऱ्हाइकं परत पाठवली.
उठल्यावर म्हणाला, "तुम्ही एकदा तपासून घ्या. माझ्यासाठी." मी ताबडतोब हो म्हणालो. खरं तर मनात असं होतं, की माझी शुगर नॉर्मल येईल आणि हिला रिपोर्ट दाखवता येईल. निदान रक्तात तरी मी त्याच्यापेक्षा सरस निघेन.

१ मार्च, शुक्रवार
रिकाम्या पोटी रक्त दिलं. काल रात्री एकही घेतली नाही. दिवसाच्या धरायच्या नसतात.

२ मार्च, शनिवार. दुपार
रिपोर्ट आला. साडूच्या डिसेंबरातल्या आकड्याच्या बराच वर.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्या पुढे गेलो. सांगायला कुणी नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
हिला कागद दिला. मला वाटलं बोलेल, ऐकवेल. ही माझ्या शर्टाची बाही धरून नुसती उभी राहिली. लेक बाहेरून आली, तिनेही दुसरी बाही धरली. मी म्हणालो, अगं, काही नाही, मी मनात आणलं तर... आणि थांबलो.
उद्या सकाळी ताई आणि साडू मला हिच्याबरोबर फिरायला न्यायला येणार आहेत. माझ्याकडे चालायचे बूट नाहीत. साडूने त्याचे जुने पाठवलेत, धुऊन, नवे बंद घालून. घालून बघितले.
सैल होतात. दोन-दोन मोजे घालावे लागतील.