आईचा रकाना

बऱ्हाणपूर, ९ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू नुसतं हो हो करतेस, म्हणून पत्र. मला शुगर निघाली. उपाशीपोटी एकशे ऐंशी, तीही अडतिसाव्या वर्षी. दवाखान्यात फॉर्म भरून घेतला. आईवडिलांना आहे का, असं विचारलं होतं. आईच्या रकान्यात तुझं नाव घालून मी ‘होय’ लिहिलं. केळीचा घड देताना दहादा विचार करतेस, शुगर मात्र सढळ हाताने दिलीस!

चेष्टा सोड, मला सायलीची काळजी वाटते. नऊ वर्षांची पोर. आजीकडून बापाला, बापाकडून तिला, असं चालायचंच का? तिच्या आईने, दीपालीने, घरातली बिस्किटं शेजारी वाटून टाकली.

तुझी गोळी चुकवू नकोस. आशीर्वाद असू दे.

तुझा समाधान

फोपनार, १५ सप्टेंबर

चि. समाधान यास,
अ. उ. आ.

फॉर्मवरचं माझं नाव खोड. पोरीचा प्रश्न आहे, म्हणून आता लपवत नाही. मी तुला जन्म दिलेला नाही. तुझ्या बाबांचे चुलतभाऊ, बहादरपूरचे कडूकाका, तुझे जन्मदाते. त्यांची बायको बाळंतपणात गेली आणि अकरा दिवसांचा तू माझ्या ओटीत आलास. काकांचं नाव कडू, पण रक्तात साखर. चाळिशीतच पाय कापावा लागला. तुझ्या जन्मदात्रीला होती की नाही, कुणी तपासलंच नाही.

रक्तातलं माझं काही नाही. तरी मी सुटत नाही. आई नसलेलं लेकरू म्हणून तुला कधी रडू दिलं नाही. रडलास की गूळ, पास झालास की मावा जिलेबी. शेतात कधी कामाला लावलं नाही. डॉक्टरांना हेही सांग.

रागावलास तरी पत्र लिही. मला दुसरा मुलगा नाही. सायलीला गोड पापा. तेवढं गोड चालतं.

गोदाबाई

बऱ्हाणपूर, २४ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्राखालच्या गोदाबाई कोण? मी ओळखत नाही. चार दिवस राग होता, खोटं कशाला सांगू? लहानपणी कडूकाकांची काठी लपवायचो, ते आठवून रडूही आलं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, रक्तातून कल येतो, आजार ठरून येत नाही. त्यावर गोडधोड, बैठं काम आणि वाढतं पोट यांची भर पडली की शुगर वर येते. सायलीलाही कल असेल, पण पुढचं बरंचसं आपल्या हातात आहे. आता रोज तिच्याबरोबर राजघाटापर्यंत चालत जातो. ती पुढे, मी धापा टाकत मागे.

फॉर्मवर बाबांच्या शेजारी कडूकाकांचं नाव घातलं. आईच्या रकान्यात चुकीची माहिती नको, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून ‘होय’ खोडून ‘माहीत नाही’ लिहिलं.

नाव तुझंच ठेवलं आहे.

दिवाळीला येतो. माया आहे तशीच राहू दे.

तुझाच,
समाधान