पन्नासच्या पाढ्यात नसलेला आकडा

प्रिय मोजणीबाई,

जावईबापूंचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो, की आता मुकाट चालतो? त्यांना म्हणावं, उभ्यानं बूट घालायची ऐट सोडा, खुर्चीवर बसा. तुझ्या सासूबाईंच्या कानाचं काय झालं? यंत्र बसवलं असं कळलं, पण नको ते बोलणं सुरू झालं की त्या ते काढून ठेवतात असंही कळलं. हुशार बाई आहेत. अक्काचा रक्तदाब? माझी सख्खी थोरली बहीण, पण पत्र लिहिते ते तुझी आई म्हणूनच. सगळं तुझं सांगते, स्वतःचं एक अक्षर नाही. तिला गोळ्या तू समोर बसून देत जा, नाहीतर ती उशीखाली साठवते. आणि छोटीला खालचे दोन दात आले म्हणे. चावते का? करडाला आठवड्याभरात दात येतात, माणसाच्या पोराला सहा महिने लागतात, तरी आपण स्वतःला शहाणे म्हणवतो.

तू कशी आहेस, हे मुद्दाम शेवटी विचारतो. अक्कानं लिहिलंय की औषधाच्या दुकानात तू गोळ्यांच्या पट्ट्या तीन-तीनदा मोजतेस आणि मालक त्यावरून तुला चिडवतो. हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. जी पोर पाचव्या वर्षी माझ्या शर्टाची बटणं, जिन्याच्या पायऱ्या, भिंतीवरच्या मुंग्या एकदाच मोजायची, आणि पुन्हा मोज म्हटलं तर फुरंगटून बसायची, तिनं तीनदा मोजावं? चार वर्षांपूर्वी आपल्यात जे झालं ते आपण कधी बोललोच नाही. तुझ्या लग्नाला मी आलो, जेवलो, फोटोत उभा राहिलो, पण बोललो नाही. आज बोलणार आहे. मला सरळ रस्त्यानं जायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा जरा फिरून येतो.

मागची खोली आहे तशीच आहे. खिडकीशी टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप, त्याच्यावर तू शिवलेली टोपी. मिठाच्या पाण्याच्या बरणीला बाहेरून पांढरी खपली धरलीय, ती खरवडायची राहते. लोक अजून येतात. डब्यांत, पिशव्यांत, एकदा तर चक्क चष्म्याच्या घरात शेळ्यांच्या लेंड्या घेऊन येतात, आणि मी त्या कुटून, मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, वर तरंगलेली जंतांची अंडी मोजतो. पूर्वी तू डोळा लावून आकडा पुकारायचीस आणि मी वहीत लिहायचो. आता मीच पुकारतो आणि मीच लिहितो. लिहायला मान वळवली की कुठपर्यंत आलो होतो ते विसरतो. मग एक युक्ती काढली, शेजारी वाटीत वाल ठेवतो, एक अंडं दिसलं की एक वाल बशीत. परवा एक म्हातारी नमुना घेऊन आली, बशी बघून म्हणाली, अहो, एकट्यासाठी एवढीच भाजी? मी हसलो. ती गेल्यावर लक्षात आलं की त्या आठवड्यात मी पहिल्यांदाच हसलो होतो. घरात बोलायला कुणी नाही म्हणून आकडे जरा मोठ्यानं पुकारतो, एवढंच. तेवीस, चोवीस, पंचवीस. ऐकून कुणी हूं म्हणत नाही.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा शिकायला बसलीस तेव्हा मी केवढा आव आणला होता? जणू मी मोठा प्रोफेसर. खरं तर बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात बाटल्या धुतल्या, पट्ट्या बांधल्या, आणि डॉक्टरांच्या खांद्यावरून वाकून वाकून जे दिसलं ते शिकलो. तुला सांगितलं होतं, कळपावर नजर ठेवायच्या दोन वाटा. एक पोटातून, म्हणजे लेंडीतली अंडी मोजायची. एक डोळ्यातून, म्हणजे खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघायचा. रक्त पिणारा जंत असला की तांबडी पापणी गुलाबी होते, मग पांढरी. रंग ताडून बघायला पाच पट्ट्यांचं कार्ड. पहिली पट्टी लालभडक, पाचवी कागदासारखी. पहिल्या दोन पट्ट्यांशी जुळली तर औषध पाजायचं नाही, कारण ऊठसूट पाजलं की जंत औषधाला निर्ढावतात. खाचेची काचपट्टी दाखवून म्हणालो होतो, हिच्यात जितकी अंडी दिसतील त्याला पन्नासनं गुण, म्हणजे ग्रॅमला किती ते निघतं. तू लगेच म्हणालीस, मामा, म्हणजे उत्तर नेहमी पन्नासच्या पाढ्यातच येणार. मी म्हटलं, हो गं बाई, तू पाढे म्हण, मी चहा टाकतो.

आणि मग तो दाढीवाल्याचा कळप. बेचाळीस शेळ्या. पावसाळा उतरत होता, गवत गुडघाभर होतं. तू पंधरा शेळ्यांच्या लेंड्या एकत्र करून मोजलंस आणि पुकारलंस, अडतीस. एकोणीसशे. तू म्हणालीस, मामा, आजच पाजायला हवं. मी मात्र सकाळीच गोठ्यात जाऊन पापण्या बघून आलो होतो. सगळ्या दुसऱ्या पट्टीच्या. मी म्हटलं, डोळे खोटं बोलत नाहीत, तू बुडबुडे मोजलेस. तू म्हणालीस, बुडबुड्याला काळी कड असते, मला कळतं. मला राग आला. मला शिकवतेस म्हणून आला, आणि तुझं बरोबर असू शकतं म्हणून जास्त आला. मी म्हणालो, एक शून्य जास्त पडलंय, एकशे नव्वद लिही. त्या दिवशी वही तुझ्याकडे होती. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि लिहिलंस.

अकरा दिवसांत सात शेळ्या गेल्या. जबड्याखाली पाण्यानं फुगलेल्या. त्यात दाढीवाल्याच्या बायकोची ती कानफाटी होती, जी तिच्या मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत जायची. दाढीवाला आपल्या खोलीत येऊन उभा राहिला. ओरडला नाही, फक्त विचारलं, तुम्ही बघून गेला होता ना? मी वही उघडून त्याच्यापुढे धरली आणि म्हणालो, पोरीनं लिहिताना एक शून्य गाळलं. तू तिथेच होतीस, काचपट्ट्या धूत होतीस. तू नळ बंद केलास, हात पुसलेस, काचपट्ट्या पालथ्या घालून फडक्यावर ओळीनं मांडल्यास. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काकडे गेलीस. मी अक्काला सांगितलं, तिला शहरात नोकरी बघा, इथं तिचं मन लागत नाही.

आता गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, पोरसवदा, पण कामाला वाघ. कुणीतरी सांगितलं म्हणून माझी खोली बघायला आल्या. खिडकीच्या चौकटीला खिळ्यावर आपलं कार्ड अजून लटकत होतं. त्यांनी ते बघितलं आणि पिशवीतून स्वतःचं कार्ड काढून त्याच्या शेजारी धरलं. मोजणीबाई, माझी पहिली पट्टी त्यांच्या तिसरीसारखी दिसत होती. माझी दुसरी त्यांच्या चौथीसारखी. ऊन खाऊन खाऊन कार्डच पांढरं पडलं होतं, आणि माझी नजर त्याच्यासोबत रोज थोडी थोडी फसत गेली होती. चार वर्षांपूर्वीही ते बरंच विटलेलं असणार, म्हणजे त्या सकाळी मी ज्या पापण्यांना निरोगी म्हणालो, त्या शेळ्यांच्या अंगात रक्तच नव्हतं. तू किती वेळा म्हणायचीस, मामा, ते डब्यात ठेव, उन्हात नको. आणि मी म्हणायचो, कार्ड म्हणजे काय दागिना आहे?

दुसऱ्या दिवशी ते कार्ड घेऊन मी दाढीवाल्याकडे गेलो. सगळं सांगितलं. तो भला माणूस. दाढी आता पुरती पिकलीय, त्याच्या बोकडाशेजारी उभा राहिला की भाऊभाऊ वाटतात. तो म्हणाला, उन्हानं माणूस विटतो, कार्डाचं काय घेऊन बसलात. चूक कार्डाची, तुमची नाही. मला एवढं हलकं वाटलं की मी त्याच्याकडे दोन कप चहा प्यायलो. निघताना त्याची बायको दारात आली. हातातलं काम तसंच ठेवून म्हणाली, ते कार्डाचं समजलं. पण मग त्या पोरीचं शून्य? ते कुणी गाळलं? मी चपला घालत होतो. घालत राहिलो. घरी आलो आणि दोन दिवस खोलीत गेलो नाही.

आता शेवटचं सांगतो, कारण हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय. कार्ड उन्हानं विटलं ते मला आत्ता कळलं, हे खरं. पण तुझा आकडा बरोबर होता हे मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. तू अक्काकडे गेलीस त्या दुपारी मी फ्रिजमधून तोच नमुना काढला आणि स्वतः मोजला. सदतीस आले. तुझ्याहून एकच कमी, तोही माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनी सोडला असेल. बुडबुडा एकही नव्हता. नमुना मी मोरीत ओतला आणि गप्प बसलो. त्यानंतर कुणाची पापणी बघून निदान केलं नाही, फक्त मोजत आलो. म्हणजे बघ, भरवसा तुझ्याच पद्धतीवर ठेवला आणि नाव मात्र तुझं खराब राहू दिलं. परवा ती वही काढली. तुझं अक्षर. एकशे नव्वद. पन्नासच्या पाढ्यात हा आकडा येतच नाही. तू लिहितानाच ओळखलं असणार, आणि तरी लिहिलंस, कारण मामा म्हणाला होता. काल पुन्हा दाढीवाल्याच्या दारात गेलो आणि त्याच्या बायकोला सांगितलं, शून्य कुणी गाळलं नाही, मी काढायला लावलं. ती म्हणाली, हे तिला कळवलंत का? तर कळवतोय. तुझी मोजणी बरोबर होती. एकदाच मोजलीस आणि बरोबर मोजलीस. दुकानात तीनदा मोजू नकोस. माफ कर असं म्हणायचा हक्क मला आहे का, ते तू ठरव. पण उत्तर लवकर लिही. रागाचं असलं तरी, दोन ओळींचं असलं तरी. टपालवाला अकराच्या सुमारास येतो, मी फाटकाशीच असतो.

तुझाच,
मामा