पप्पांच्या नावाचं बटण

३ फेब्रुवारी, कामोठे
जमलं एकदाचं! मी लिहायचं, अभयनं शूट करायचं. फिल्म जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका चौकटीत माझा मजकूर, दुसरीत त्याचा व्हिडिओ, मधे रेघ ओढली की जोडले गेले. बघणारा जे बटण दाबेल तिकडे गोष्ट वळते. गोष्ट पप्पांची — तळोज्याची कंपनी, गॅस सुटला तो दिवस, पप्पांसोबत कामाला असलेल्या भैरूकाकांचे डोळे गेले आणि कंपनीनं खापर पप्पांच्या डोक्यावर फोडलं. लहानपणापासून टोमणे ऐकतेय. आता सगळ्यांची तोंडं बंद करते की नाही बघा!

९ फेब्रुवारी
अभय गॅलरीत पप्पांची मुलाखत घ्यायला बसला. मला म्हणतो, "तू आत जा ना, तुझ्यासमोर ते अवघडतात." गेले. चहा केला.

१४ फेब्रुवारी
हरामखोर!
आज फाईल उघडली. 'चूक पप्पांची नव्हती' ही माझी चौकट — तिची रेघच तोडलीय. त्या जागी प्रश्न टाकलाय: गॅसचा व्हॉल्व्ह कोणी उघडा ठेवला? खाली दोन बटणं. एक 'कंपनी'. दुसरं 'सुभाष'.
सुभाष! माझ्या बापाचं नाव बटणावर! कोणीही यावं आणि दाबावं!
फोन केला तर म्हणतो, "अगं, त्या बटणाचा व्हिडिओ बघ तरी आधी." कशाला बघू? "ए मैत्री, ऐक ना—" ठेवून दिला फोन. कॉलेजपासूनचा दोस्त. आईच्या हातचं जेवलाय आमच्याकडे. नुसती अंगाची लाही होतेय.

१५ फेब्रुवारी
पासवर्ड बदलला. शनिवारी वाशीच्या हॉलमध्ये दाखवायचंय. त्याआधी ते बटण उडवणार.

१६ फेब्रुवारी
उडवायला बसले तर पप्पा मागे उभे. स्क्रीनवरचं स्वतःचं नाव वाचत होते. मी घाईघाईनं लॅपटॉप मिटायला गेले. "राहू दे गं," म्हणाले. माझ्या हातातला माउस घेतला आणि दाबलं. 'सुभाष'.
व्हिडिओ सुरू झाला. आमचीच गॅलरी. पप्पा. "व्हॉल्व्ह माझ्याच हातून उघडा राहिला. कंपनी खोटं नाय बोलली."
अभयला सांगितलं! मला नाही! आणि मी इतकी वर्षं बिल्डिंगभर भांडतेय ह्यांच्यासाठी!
"भैरूकाकांना माहितीय?"
"त्याला तवाच सांगितलं, हॉस्पिटलात. तुलाच सांगायची हिंमत नाय झाली."