लिफ्टमधली माणसं आणि माझा प्रवेशअर्ज

ती. अक्का हिला धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर साथ देत नसल्यामुळे कागदावरच घातलेला, तो गोड मानून घे).

तुझं पत्र पोचलं. भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं हे वाचून बरं वाटलं. आता त्यांना सगळं लख्ख दिसतं आणि म्हणून ते दिवसभर घरातली जळमटं तुला बोटानं दाखवत फिरतात, हे वाचून मात्र तुझीच काळजी वाटली. नव्या दृष्टीचा उत्साह हळूहळू ओसरतो म्हणतात, तोवर दम धर. तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. मी निवृत्त झाल्यापासून तुझी भावजय जरा कमी ठीक होती, पण आता तिचीही कळी खुलली आहे. ती का खुलली, हेच पुढे सांगतो.

परवा फोनवर तू विचारलंस, "या वयात कॉलेजात नाव घालायचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं तरी कसं?" आणि मी तोंड उघडणार तोच फोन ठेवून दिलास. (प्रश्न विचारायचा आणि उत्तराला थांबायचं नाही, ही हेडमास्तरकी अजून गेलेली दिसत नाही.) म्हणून पत्रच लिहितो आहे. पत्रसुद्धा अर्ध्यात टाकता येतंच म्हणा, पण निदान मला त्याचा आवाज ऐकू येत नाही.

तर, अक्का, मी सगळी नोकरी लिफ्टा तपासण्यात घालवली हे तुला ठाऊकच आहे. दोर, ब्रेक, दारं, कड्या सगळं नेमानं बघायचो, पण माझं खरं लक्ष असायचं माणसांकडे. घरी कडाक्याचं भांडण करून निघालेले नवरा-बायको लिफ्टमध्ये शिरले की मजल्यांच्या आकड्यांकडे असे टक लावून बघतात, जणू तिथे परीक्षेचा निकालच लागणार आहे. गप्पा मारत आलेले दोन मित्र दार मिटताच गप्प होतात आणि दार उघडलं की अर्ध्या राहिलेल्या वाक्यावरून पुढे सुरू करतात. अनोळखी माणूस शिरला की प्रत्येक जण एक-एक पाऊल सरकतो, कुणी न सांगता. हे सगळं कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं मला फार वाटायचं. पण तपासणीच्या अहवालात त्याला रकाना नव्हता.

निवृत्तीनंतर काही दिवस मी घरातच तपासणी सुरू केली. कपाटाची बिजागरी, कुकरची शिट्टी, गॅसची नळी. एक दिवस तुझ्या भावजयीच्या मसाल्याच्या डब्यांचा क्रम चुकीचा आहे असं मी तिच्या नजरेस आणून दिलं, आणि त्या संध्याकाळी तिनं आमच्या लेकीला फोन केला. लेकीनंच शोधून काढलं की माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारं मानवशास्त्र नावाचं एक शास्त्र असतं (मला वाटायचं त्यात नुसत्या कवट्या मोजतात), आपल्याच शहरातल्या विद्यापीठात त्याची पदव्युत्तर पदवी मिळते, वयाची अट नाही आणि संशोधनाला अनुदानही मागता येतं. मी भीत भीत तुझ्या भावजयीला विचारलं. ती म्हणाली, "जा. अवश्य जा. रोज जावं लागतं ना?"

अर्ज म्हणजे काय प्रकरण असतं ते तुला सांगून समजणार नाही. पहिल्यांदा उद्देशपत्र. आपल्याला हेच शास्त्र का शिकायचं आहे ते पानभर लिहायचं. मी एका ओळीत लिहिलं होतं, "माणसं बघायला आवडतात म्हणून." लेक म्हणाली, बाबा, हे वाचून पोलिसांना बोलावतील. मग तिनं पानभर मजकूर तयार केला. तो इतका उत्तम होता, की त्यातल्या गृहस्थाला भेटावं असं मलाही वाटलं. त्यानंतर सैद्धांतिक चौकट. चौकट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दारच येतं, त्याला माझा इलाज नाही. आणि शेवटी शिफारसपत्रं. माझ्या विद्वत्तेची खात्री देणारी दोन माणसं हवी होती. मला शिकवलेले सगळे गुरुजन आता वर गेलेले (तेही लिफ्टशिवाय). म्हणून एक पत्र समोरच्या दंतवैद्यानं दिलं. माझ्या चिकाटीबद्दल त्याला शंका नव्हती, कारण मी भूल न घेता दाढ काढून घेतली होती. दुसऱ्यासाठी आमच्या जुन्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी आयुष्यभर एकाच नमुन्याची पत्रं लिहिलेली, हात तिकडेच वळला. त्यांनी लिहिलं, "सदर अर्जदार सुस्थितीत असून ठरवून दिलेला भार वाहण्यास योग्य आहे. दरवर्षी फेरतपासणी करावी." मी ते तसंच पाठवलं. आजवर माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं.

आश्चर्य म्हणजे मुलाखतीला बोलावणं आलं. विभागप्रमुख बाई तुझ्यासारख्याच, म्हणजे चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांच्या शेजारी एक तरुण प्राध्यापक, तो अनुदान समितीचा. मी माझी निरीक्षणं रंगवून सांगितली. दोघंही हसले, तरुण प्राध्यापकानं काहीबाही टिपूनही घेतलं. माझी गाडी भरधाव सुटली, आणि बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही हे सगळं पाहिलंत तेव्हा अंगावर तपासनिसाचा गणवेश होता?"

म्हटलं, होता.

"मग तपासनीस आत असताना लोक कसे वागतात ते तुम्ही पाहिलंत. तो नसताना कसे वागतात?"

अक्का, खोटं कशाला सांगू? ज्या गोष्टीवर मी जन्मभर मनातल्या मनात पुस्तक लिहीत होतो, ती मी मुळात पाहिलीच नव्हती. ती माणसं आकड्यांकडे बघत होती की माझ्या नजरेपासून नजर चुकवत होती, देव जाणे. बाईंना माझा चेहरा बघून दया आली असावी. त्या म्हणाल्या, साधा माणूस म्हणून काही दिवस एखाद्या लिफ्टमध्ये काढा, जे दिसेल ते लिहून आणा, प्रवेशाचं आणि अनुदानाचं आपण त्यानंतर ठरवू.

आमच्या घरासमोर दवाखान्यांची आणि वकिलांच्या ऑफिसांची एक इमारत आहे. तिथल्या वॉचमनला विभागाचं पत्र दाखवून मी मुक्काम ठोकला. पण या शास्त्राचा नियम असा, की ज्याचा अभ्यास करायचा त्याची आधी संमती घ्यायची. संमतीपत्र विभागानंच दिलेलं, चांगलं ऐसपैस. त्याचा पहिला परिच्छेद वाचून होईपर्यंत वरचा मजला येई आणि माणूस निसटे. एका गृहस्थानं मला विमा एजंट समजून भिंतीकडे तोंड केलं ते उतरेपर्यंत. एका बाईंनी घाईघाईनं सही केली आणि म्हणाल्या, "पार्सल कुठाय?" मग मी लिफ्टमध्ये पाटीच लावली, "येथे माणसांचा अभ्यास चालू आहे." त्या दिवशी जिन्यावर अशी झुंबड उडाली की वॉचमननं पाटी उपटून माझ्या हातात दिली. विभागप्रमुख बाईंनी शेवटी तोडगा काढला: कुणाचं नावगाव टिपायचं नाही, छातीवर 'संशोधक' असा बिल्ला लावायचा आणि मुकाट उभं राहायचं. बिल्ला लावल्यावर सगळेच मला अदबीनं मजला सांगू लागले. बटणं दाबून दाबून माझं बोट दुखायला लागलं, पण लोक मोकळे झाले हे खरं. लिफ्टमनसमोर कुणी लाजत नाही, अक्का. ही माझी पहिली खरी नोंद.

आणि मग ती लिफ्ट अडकली. आत मी, फायलींचा गठ्ठा घेतलेले एक वकील, डबा घेतलेला एक रंगारी, आणि कानाच्या डॉक्टरकडे निघालेल्या एक आजीबाई व त्यांची मुलगी. दोन मजल्यांच्या मधोमध धप्प आवाज झाला आणि सगळं थांबलं. पंखासुद्धा. वकीलसाहेब घंटेचं बटण असं दाबत होते, जणू ती साक्षीदार आहे आणि खरं सांगत नाही. रंगारी डबा उपडा ठेवून त्यावर बसला. आजींना काहीच ऐकू आलेलं नसल्यामुळे आपला मजला आला अशी त्यांची समजूत झाली, आणि कुणीच उतरत कसं नाही म्हणून त्या मोठ्यांदा नवल करत होत्या. वा! काय माणसं होती! संशोधकानं मुकाट बघत राहावं असाच तो प्रसंग. पण त्या मुलीचा जीव घाबरा झाला. तिला घाम फुटला, श्वास पुरेना, ती दार ठोठावू लागली. मग मला राहवेना. मी तिला खाली बसवलं, सांगितलं की मी तपासनीस आहे, एक दोर तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात, हवा वरून येत राहते, घाबरण्यासारखं काही म्हणजे काही नाही. ती हळूहळू शांत झाली. थोड्या वेळानं मेकॅनिक आला आणि आम्ही बाहेर पडलो. वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे मला देखभालीबद्दल फैलावर घेतलं. हे सगळं लिहून मी विभागात दिलं.

निकाल कालच लागला. प्रवेश मिळाला. अनुदान नाही. समितीचा शेरा असा: "संशोधक आणि अभ्यासविषय यांच्यात योग्य अंतर आढळत नाही." आता तूच सांग, एवढ्याशा डब्यात पाच माणसं, एक गठ्ठा आणि एक रंगाचा डबा, त्यात अंतर ठेवायचं तरी कुठे? पण असो. मी मनाला लावून घेतलेलं नाही. अनुदान पुढच्या वर्षी पुन्हा मागता येतं. या वयात वही-पेन घेऊन बाकावर बसायला मिळतंय, यातच सगळं आलं.

भाऊजींना नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. एक लहानशी गोष्ट राहिली. पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्यानं दुसऱ्याच्या घरी महिनाभर राहून तिथली माणसं कशी जगतात ते बघायचं असतं. मी तुमचं घर लिहून दिलं आहे. सोबत दोन संमतीपत्रं आहेत, तुझी आणि भाऊजींची सही लागेल. (तू ती लाल पेननं तपासून परत पाठवू नकोस.) तुम्ही नेहमीसारखंच वागा. मी कोपऱ्यात बसून असेन, तुम्हाला कळणारही नाही. रविवारी पोचतो.

ता. क. २. वन्संना नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. बाकी सगळं खरं आहे, पण लिफ्टमध्ये ती मुलगी घाबरली नव्हती. घाबरले होते हेच. आजवर लिफ्ट तपासली ती बाहेर कुणीतरी उभं आहे या भरवशावर. बंद डब्यात अडकायची ही पहिलीच वेळ. दार ह्यांनीच ठोठावलं. दोरांचं आणि हवेचं ते सगळं हे स्वतःलाच मोठमोठ्यानं सांगत होते. आजींना त्यातलं अक्षर ऐकू गेलं नाही, पण चेहरा बघून त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला तो दार उघडेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मायलेकी घरी येऊन तब्येतीची चौकशी करून गेल्या, म्हणून मला कळलं. फार लाघवी आहेत, आता माझं त्यांच्याकडे जाणंयेणं झालंय.

ह्यांनी विभागात मात्र जसं घडलं तसंच लिहून दिलं होतं, एक शब्द न लपवता. बाईंनी मला फोनवर सांगितलं, "त्या पानासाठीच मी त्यांना घेतलं." हे तुम्हाला कळलेलं ह्यांना कळू देऊ नका. सगळ्या जगाला सांगतील, पण थोरल्या बहिणीपुढे घाबरट ठरायचं नाही, असं आहे ते.

संमतीपत्रांवर सह्या नक्की करा. महिन्याचे दोन झाले तरी माझी तक्रार नाही. त्या दिवसापासून हे आमचे सगळे मजले जिन्यानंच चढतात आणि प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणतात, व्यायाम चाललाय. वन्सं, तुमचं घर तळमजल्यावर आहे.