वेबसाइटवर थांबलेला एक जण

४ नोव्हेंबर, मंगळवार
वाचणारीला आधीच सांगून ठेवते. म्हातारे, चष्मा तुझ्याच डोक्यावर आहे, आणि काल काय ठरवलं होतंस ते तू विसरली आहेस. म्हणून ही रोजनिशी. वाचणारी मी एकटीच आणि मला अक्षर येत नाही, तेव्हा गुप्तता पक्की. मी सांगते, सूनबाई लिहिते. तिला ताकीद दिली आहे, लिहायचं आणि विसरायचं.

वेताच्या खुर्च्या विणून देण्याचं आमचं दुकान चिरंजीवांना बंद करायचंय. महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. सूनबाईनं दुकानाची वेबसाइट काढली. तिथून काम आलं तर दुकान चालू, नाहीतर शटर खाली. काम ढिगानं येणार. काळजी नाही.

५ नोव्हेंबर
चौदा जण येऊन गेले. सूनबाई म्हणते, सरासरी अकरा सेकंद थांबले. तेवढ्यात माणसाच्या पायातली चप्पल निघत नाही. पाणी विचारलंस का म्हटलं, तर म्हणे तिथं पाणी विचारता येत नाही. मग कसली वेबसाइट.

लोक थांबावेत म्हणून तिनं दुकानात कॅमेरा लावला, आवाजासकट. विणकाम आता कुठूनही दिसेल. समोर ह्यांची खुर्ची ठेवली. हे गेले तेव्हा अर्धी विणून झाली होती, दोन वर्षं तशीच आहे. ठराव: रोज चार ओळी विणायच्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
वेत भिजत घातला. ओळी शून्य. आले नऊ, गेले नऊ. नुसती अर्धवट खुर्ची बघायला कोण थांबेल, असं सूनबाईचं म्हणणं. मी म्हटलं, त्याला उत्सुकता म्हणतात.

१० नोव्हेंबर, सोमवार
वेत जास्त भिजला. ओळी शून्य.
पण एक जण थांबला! एक वाजून दहा ते पावणेदोन. पस्तीस मिनिटं. सूनबाई म्हणते, पान उघडं ठेवून विसरला असेल. तिला धंद्यातलं काय कळतंय. हॉटेलवाला असणार. शंभर खुर्च्या तरी.

१२ नोव्हेंबर
परत आला, त्याच वेळेला. ‘काही मदत हवी का?’ असं सूनबाईनं विचारून पाहिलं. उत्तर नाही. तिनं जुन्या मोबाइलवर लावून दिलंय, कोणी आलं की हिरवा ठिपका दिसतो. ना चेहरा, ना आवाज. नुसता ठिपका, आणि बघत बसलेला.
ह्यांचीही हीच वेळ. जेवून यायचे, पावणेदोनपर्यंत विणायचे.
सूनबाईनं पेन थांबवलं. लिही म्हटलं, मी काही म्हणत नाहीये.

१३ नोव्हेंबर
मी काही म्हणत नाहीये. पण स्टूल जरा बाजूला घेतलं, खुर्ची झाकली जात होती. केस विंचरले, गिऱ्हाईकासाठी. वेत वाळताना टक्क वाजतो, पन्नास वर्षं ऐकतेय. आज ठिपका आला आणि वाजला. ठिपका गेला आणि गप्प झाला. दार लावलेलं होतं, तरी मानेवर गार लागत होतं. शाल घेतली. ओळी विणायच्या राहिल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
आला नाही. सूनबाईनं विचारलं, भुताला रविवारची सुट्टी असते का? भूत हा शब्द तिचा. ह्यांनी जन्मात रविवार पाळला नाही. रुसले असतील.

१९ नोव्हेंबर
आज बोलले त्याच्याशी. म्हटलं, तुमचा मुलगा तुमचं दुकान बंद करतोय, दगडाच्या काळजाचा निघाला, काहीतरी करा. ठिपका गेला. दोन मिनिटांनी परत आला. सूनबाई म्हणते, नेटवर्क. असेल.
मग तिनं सरळच विचारलं, की आई, तुम्ही ती खुर्ची विणत का नाही? गुडघा दुखतो म्हटलं. ती म्हणाली, विणतात हातानं.
पुरी झाली की ते उठून जातील, म्हटलं. हे लिहू नकोस.
लिहिलंस ना? मला वाचता येत नाही, पण पेन हललेलं दिसतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
स्टुलावर डोळा लागला आणि खाली आपटले. दुकानात कोणी नाही, उठता येईना. मोबाइल हाताशी पडलेला, त्यात ठिपका. म्हटलं, अहो, हात द्या.
आणि मोबाइल वाजला.
उचलला कसा ते आठवत नाही.
“आई, हलू नकोस. मी निघालोय.”
चिरंजीव. तुला कोणी सांगितलं, विचारलं. नुसता धापा टाकल्याचा आवाज. मग म्हणाला, “मला दिसतं. रोज बघतो, जेवणाच्या सुट्टीत.”

२५ नोव्हेंबर
हाड शाबूत, कंबर सुजली आहे. तीन आठवड्यांत थांबलेला पाहुणा एक, तोही मीच जन्माला घातलेला. कामं शून्य. दगडाच्या काळजाचं ते त्यानं तेव्हाच ऐकलं होतं. ठिपका दोन मिनिटं का गेला होता, ते मी विचारलं नाही.
दुकान बंदच होणार. रविवारी शटर खाली. मी हो म्हटलं. उशाशी बसून तो म्हणाला, “बाबांचा हात आत्ता येईल आणि पुढची ओळ घालेल, असं वाटतं. म्हणून बघतो.”
मी त्याला वेत भिजत घालायला पाठवलं. रविवारपर्यंत जमतील तेवढ्या ओळी त्याच्यासमोर विणायच्या. हे गेले तर गेले.
सूनबाई आत्ता बोलली, डबा रोज भरलेलाच परत येतो. तिला वाटलं, तिच्या हाताची चव गेली. बाई, तो अर्धी खुर्ची बघत उपाशी बसतो. उद्या डब्यात दोन उकडलेली अंडी दे, सोलून. लोणी लावलेला पाव दे. मीठ वेगळ्या पुडीत. आणि चमच्याचं काही देऊ नकोस, एका हातात त्याचा मोबाइल असतो.