पोटरीभर पाणी

बाबा, दुपारपासून चौथ्यांदा लिहायला बसते आहे. मध्ये उठून चहा केला, तो प्यायला विसरले, गॅलरीत जाऊन कर्नाळ्याच्या सुळक्याकडे उगाच बघून आले. सकाळी धाकट्याचा फोन आला होता. परवा पहाटे तो पुन्हा समुद्रावर निघतोय, दोन वर्षांनी. गव्हाणच्या बाजूच्या कुणाची तरी जुनी बोट त्याने भागीत घेतली आहे. पावसाच्या आधी दोन-तीन फेऱ्या मारतो म्हणाला. मी विचारलं, ‘पाणी बघितलंस?’ तर हसला. ‘पानी कोन बगतो आता, ताई? बाबाची रीत खोटी निघाली, इसरलीस काय? मी मोबाईल बगतो.’ ते हसणं कडवट होतं आणि तुझ्या नावाने होतं. ते तुझ्या वाट्याला यायला नको होतं, एवढ्यासाठी मी ही वही उघडली आहे. आणि हो, मी तुला अरेतुरेच करणार. माझ्या सासरी वडिलांना अहो-जाहो करतात, मीही सासऱ्यांना करायचे, पण तुला ‘तुम्ही’ म्हटलं तर तू मागे वळून बघशील की आणखी कोण आलंय.

तुझी ती रीत मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. शाळेतल्या बाई असल्या गोष्टी बोलल्या तर मुलं हसतील अशी भीती. मोठ्या समुद्रावर जायच्या दिवशी तू पहाटे खाडीच्या काठाला जायचास, तेही भरती असली तरच. ओहोटीचं पाणी खाडीचं, भरतीचं पाणी दर्याचं, असं तुझं म्हणणं. पोटऱ्या बुडतील एवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, खालून वर, सावकाश, जशी नैवेद्याच्या वेळी घेतात तशी. तुझ्या वडिलांपासून सुरू करून सात पिढ्या. आजा, पणजा होईस्तोवर पायांतून गारवा चढून अंगावर काटा आला, तर जायचं. सगळी नावं संपली तरी काटा आला नाही, तर दर्या तापलेला. त्या दिवशी खाडीतच जाळं टाकायचं, पुढे जायचं नाही. धाकट्याला एवढा धीर कधीच नव्हता. तो दुसऱ्या नावालाच ‘आला, आला’ म्हणून पळायचा. म्हणून तू मला शिकवलंस. मुलगी असून का शिकवलंस, हे आईने एकदा विचारलं होतं. ‘तिच्या पायांना कान हायत,’ तू म्हणालास.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. एका सकाळी काठावर इतका चिखल होता की मला आत उतरायची किळस आली. नुसते तळवे ओले केले आणि येऊन सांगितलं, काटा आला. तू माझ्या पायांकडे बघितलंस. पोटऱ्या कोरड्या ठणठणीत. तू मारलं नाहीस, त्याचंच मला जास्त लागलं. आईने बांधलेल्या भाकऱ्या तू परत चुलीपाशी ठेवल्यास, जाळं खुंटीला लावलंस आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिलास. गावातल्या बाकीच्या होड्या गेल्या, भरून आल्या. संध्याकाळी आई धुसफुसत होती तेव्हा तू एवढंच बोललास, ‘मासली नाय म्हनून कोन मरत नाय. पान्यान उतरल्याबिगर पान्याचा सांगाचा नाय.’ मी तेव्हा आईच्या पदराआड रडले. आज पंचावन्नाव्या वर्षी हे लिहितानाही कान गरम झाले आहेत.

पुढे मी विज्ञानाची बाई झाले. पहिल्या पगारात तुला शर्टाचं कापड घेतलं आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक दोन दिवसांसाठी म्हणून घरी आणला, आठवतं? तुझ्याबरोबर पाण्यात उतरून मी ती काचेची नळी बुडवली आणि आकडा वाचला. तू म्हणालास, ‘तुज्या नलीला पोटऱ्या हायत काय? तिला काटा येतो काय?’ आपण दोघं पाण्यात उभे राहून हसलो. पण त्यानंतर तू स्वतःच मला विचारायला लागलास, आज नली काय बोलते. आपण आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहायचो. तू शर्ट फक्त सणाला घालायचास, तो तापमापक मात्र मी शाळेला नवीन विकत घेऊन दिला आणि जुना ठेवून घेतला. अजून आहे.

तू गेलास त्याला सत्तावीस वर्षं झाली. तुझ्यानंतर पाणी बदललं, बाबा. एकदम नाही, आपल्या लक्षात येऊ नये अशा बेताने. मी सुट्टीत माहेरी आले की पाण्यात उभी राहायची; आधी काटा पणज्यापाशी यायचा, मग त्याच्याही पुढे, मग काही दिवशी येईचना. मी मुलांना शिकवते की गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुराने पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकते, तिचा बहुतेक वाटा समुद्र गिळतो. कधी कधी महिना महिना तो तापलेलाच राहतो. जमिनीवर उन्हाची लाट येते तशी पाण्यातही येते. मासे खोल जातात नाहीतर लांब जातात. आणि वादळ अशाच पाण्यावर पोसतं. एरवी वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि त्यानेच त्याचा जोर मोडतो. खालीही ऊनच पाणी असलं तर त्याला आवरणारं कुणी नाही, ते एका दिवसात दुप्पट अंगाने उभं राहतं. तू म्हणायचास, आपल्या बाजूचा दर्या भला, वादळं तिकडे बंगालच्या अंगाला. आता तसं राहिलेलं नाही. हे सगळं फळ्यावर चित्र काढून समजावताना मला दर वेळी तुझ्या पोटऱ्या आठवतात. शाळा न शिकलेला माणूस पायाने जे शोधत होता, ते खालचं गार पाणीच होतं.

म्हणजे मला दोन्हीकडून ठाऊक होतं. हेच मला बसू देत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा हाच महिना. शाळेला सुट्टी लागलेली, मी गावाला. धाकटा माझ्या शब्दावर दोन आठवडे खाडीतच जाळं टाकत होता, कारण रोज भरती गाठून मी पाण्यात उभी राहत होते आणि काटा येत नव्हता. आकडाही कॅलेंडरच्या मागे पूर्वी कधी लिहिला नव्हता एवढा. खाडीत आता काय मिळतं? चार कोलंब्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या. पावसाळ्याची मासेमारीबंदी तोंडावर आलेली. तो वैतागला होता, मला चिडवायचा, ‘सात पिढ्या संपल्या, ताई, आता काय मागची पिढी नवीन आनायची?’ वहिनी भांडी जोरात आपटत होती. त्याच्याबरोबर जायचा तो पलीकडच्या घरातला, ज्याला तू कमरेला रस्सी बांधून पोहायला शिकवलं होतंस. तोही रोज कुंपणापाशी येऊन विचारायचा, ‘आज तरी काय बोलला पानी?’

त्या सकाळी मी चुलीपुढे होते. खापरीवर तांदळाची भाकरी, हात पिठाचे. अंगणातून धाकट्याने हाक मारली, ‘ताई, काटा आला काय?’ मी म्हटलं, ‘आला. जा तुम्ही.’ त्याला इतका आनंद झाला की त्याने भाकरीसुद्धा पुरती बांधू दिली नाही. आदल्या संध्याकाळी मोबाईलवर होतं की खाली दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा आहे, लक्ष ठेवा, एवढंच. दुपारपर्यंत त्या पट्ट्याचं वादळ झालं होतं. मासेमारीला जाऊ नका, गेलेल्यांनी परत या, असे निरोप सगळ्यांच्या फोनवर आले, पण त्या दोघांचे फोन लागेनात. संध्याकाळी आपल्या घरावरचे पत्रे उडाले, धक्क्यावरच्या बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या. धाकटा दुसऱ्या दिवशी सापडला, डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून तरंगत होता, उरणच्या एका बोटीने उचलला. तू ज्याला पोहायला शिकवलंस तो सापडला नाही.

धाकटा बरा झाल्यावर चारचौघांत, धक्क्यावर, मोठ्याने म्हणाला की बाबाची रीत म्हाताऱ्यांची खुळी समजूत होती. ताई उभी राहिली, काटा आला, मी गेलो, आणि बघा. मी तिथेच होते. लोकांनी मान डोलावली.

जो सापडला नाही त्याची बायको आता पनवेलच्या बाजारात सुकट घेऊन बसते. मला लांबून ओळखते. मी दुसऱ्या रांगेने जायला बघते तर हाक मारते, मापावर आणखी एक मूठ टाकते आणि म्हणते, ‘ऱ्हाऊं दे बाय, तुमी घरच्या.’ ती सुकट माझ्या घरात शिजत नाही. खालच्या वॉचमनला देते. नवरा विचारतो, आणतेस कशाला मग?

मोबाईल बघावाच, बाबा, तो आता पुष्कळ आधी सांगतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परवा धाकटा निघणार तो तुला खोटा ठरवून, आणि मोबाईलवर नुसतं ‘लक्ष ठेवा’ असेल तर तो थांबणार नाही. थांबायचं कशासाठी, ते सांगणारं त्याच्याकडे काही उरलेलं नाही, कारण ते मी मोडलं. सकाळपासून तीनदा त्याला फोन लावला आणि तीनदा पेट्रोलचे भाव, वहिनीचा गुडघा, असलं काहीतरी बोलून ठेवला. उद्या संध्याकाळी गावाला जाईन. परवा पहाटे भरती आहे, मी पाहून ठेवलंय; उतरेन, पोटरीभर पाण्यात उभी राहीन आणि जे असेल ते त्याला सांगेन. त्याने ऐकावं असं वाटत असेल तर आधी दुसरं काहीतरी सांगावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून निघेल की नाही, मला ठाऊक नाही. हे पत्र त्याच्या हातात दिलं तरी काम होईल. तुला तर वाचताही येत नव्हतं. पण मी ही वही तापमापकाच्या डबीखाली ठेवून देणार, मी मला ओळखते.

तुझी रीत खोटी निघाली नाही, बाबा. दोन आठवडे ती रोज ‘जाऊ नका’ सांगत होती, आणि मला ऐकून कंटाळा आला होता. आता सात पिढ्यांत पहिलं नाव तुझं येतं. त्या सकाळी माझ्या पोटऱ्या कोरड्या होत्या. मी पाण्यात उतरलेच नव्हते, तुझं नाव घेतलंच नव्हतं.