गुरुजींची वाचा, माझं अक्षर

३ ऑगस्ट, रविवार

आज विचारायला चौघं आले. शेवटची बाई बालाघाटची, गुडघ्यांसाठी. गुरुजी पाऊण तास तखतावर पडून होते. उठल्यावर नेहमीचं, "काय बोललो व मी?" वही दिली. वाचत बसले, जसं काही दुसऱ्याच कोणाचं पत्र आलंय.

नीलम मॅडम आल्या होत्या. गोंदियात त्यांचं हीलिंग सेंटर आहे. चक्र, स्फटिक, मागचा जन्म, असं सगळं चालतं तिथं. गुरुजींच्या वाचेची हिंदीत पुस्तिका काढायची म्हणतात. "दीदी, शुरू से बताइए ना."

सांगितलं. तीन वर्षं झाली. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, त्यानंतरचा पहिला उन्हाळा. ताप उतरल्यावर दुपारचे पडले होते, डोळे मिटलेले, आणि एकाएकी शेजारच्या म्हातारीच्या पायाच्या जखमेला काय बांधायचं ते सांगू लागले. भाषा शाळेच्या पुस्तकातली. जागेपणी हा माझा नवरा 'काऊन' न् 'कायले' शिवाय बोलत नाही! जखम भरली. मग माणसं येऊ लागली. प्रश्न मी विचारते, उत्तर मी लिहिते. तोंडाजवळ कान नेऊन ऐकावं लागतं. उठल्यावर त्यांना काही आठवत नाही. देव नाही, अंगात येणं नाही. लोकांनीच नाव पाडलं, वाचा.

मॅडम म्हणाल्या, वह्या द्या. पाचही दिल्या. एक पान फाडून ठेवायचं मनात आलं होतं. पण त्या समोर बसलेल्या.

१० ऑगस्ट, रविवार

कुंदा आली, गोरेगावहून, सकाळच्या एसटीनं. माझी धाकटी बहीण, पण मीच वाढवलेली. आल्या आल्या मला न्हाणीत घेऊन गेली, दार लावलं, पोलकं वर केलं.

फेब्रुवारीत सुपारीएवढी गाठ होती. आता. लिहवत नाही. कातडी आत ओढली गेलीय, संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्या-खड्ड्यांची. एरंडेलाचा वास.

"बाई, वाढून राहिली व."

"कधीपासून?"

"आखाडीपासून जास्तच. पण तेल चुकवलं नाही मी एक दिवस. भाऊजीच्या वाचेत आलं होतं ना, आधी वाढल, मंग विरघळल."

मी तिचा पदर नीट करून दिला. चहा टाकला. दुपारच्या गाडीनं ती परत गेली. गुरुजींनी विचारलं, कुंदाचं कसं आहे? "बरं आहे," म्हटलं.

११ ऑगस्ट, सोमवार

लिहूनच टाकते. ही वही कोणी वाचत नाही.

फेब्रुवारीत कुंदाच्या वेळी गुरुजी बोललेच नव्हते.

मी तीनदा विचारलं, "कुंदाच्या छातीत गाठ आहे. काय करावं?" श्वास चालू, ओठ बंद. पापणीसुद्धा हलली नाही. असं आधी कधी झालं नव्हतं. कुंदा भिंतीला टेकून, पदरात तोंड घालून रडत होती. आदल्या रात्रीच म्हणाली होती, मले नागपूरले नको नेऊ, बाई. आईला तिथंच नेलं होतं, याच दुखण्यासाठी. कुंदा एकोणीस वर्षांची, चार महिने आईच्या उशाशी. आईचे केस उशीवरून गोळा करायची. नंतर आई.

तर मी लिहिलं. माझ्या मनानं. एरंडेल तेलाची घडी, रोज दोन तास, वरून गरम फडकं. 'ही गाठ रोगाची नाही, साठलेल्या दुःखाची आहे. दुःख बाहेर पडायला वाट मागत आहे. आधी वाढेल, मग विरघळेल.' तीन वर्षं त्यांची भाषा लिहून लिहून हाताला बसलीय. शोधावी लागली नाही. पेन थांबलंही नाही.

वाटलं होतं, चार दिवस धीर येईल, मग समजावून डॉक्टरकडे नेऊ. चार दिवसांचे सहा महिने झाले.

गुरुजी उठले, वाचलं, केवढे खूश झाले. "पाह्य, कुंदाचं होते बरं."

२१ ऑगस्ट, गुरुवार

कुंदाला फोनवर दोनदा सांगितलं, डॉक्टरला दाखवू. ती म्हणते, वाचेत तसं आलं नाही. शेवटी म्हणाली, पुन्हा विचार, वाचा म्हणेल तर जाईन. म्हणून आज बोलावलं. उद्या पोळा, घरी कोणी येणार नव्हतं. देवाला हात जोडले, आज तरी बोलू देत. दवाखान्यात न्या म्हणू देत.

बोलले. स्पष्ट बोलले, कुंदालाही ऐकू गेलं.

"ही गाठ रोगाची नाही. साठलेल्या दुःखाची आहे. दुःख बाहेर पडायला वाट मागत आहे."

माझं वाक्य. शब्दाला शब्द.

पेन हातातून पडलं. कुंदा हात जोडून बसली होती, चेहरा असा उजळलेला.

म्हणजे जागेपणी वहीत वाचलेलं झोपेत बोलतात. मग बाकीचं? ती पायाची जखम, ती आमगावच्या माणसाची खरूज, मॅडमच्या भाचीची झोप? त्यांच्याकडे आजीच्या औषधांची एक जुनी वही होती, ते लहानपणापासून वाचायचे. एवढंच होतं का? ते खोटं बोलत नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. पण तिकडून कोणी बोलतही नाही. तीन वर्षं मी उंबऱ्याबाहेर चपला मोजत होते माणसांच्या, अभिमानानं.

२४ ऑगस्ट, रविवार

समोरच्या संघमित्राकडे गेले. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तीन वर्षांत आमच्या घरात पाय नाही टाकला तिनं. पहिल्याच वर्षी तोंडावर म्हणाली होती, आम्ही बौद्ध माणसं, आमच्यात हे चालत नाही, अन् तुमच्यातही चालू नये.

ऐकून घेतलं तिनं. मनानं लिहिलं ते सोडून बाकी सगळं सांगितलं.

"सहा महिने? वैनी, तुम्ही शिकलेल्या बाई."

मी रडायला लागले तर म्हणाली, "आता रडून काय होते? तिचा नंबर द्या. मी बोलतो तिच्याशी."

आजही तिघं आले होते. प्रत्येकाच्या पानावर शेवटी मी लिहिलं, डॉक्टरांना दाखवावे. पुन्हा मनानंच.

३१ ऑगस्ट, रविवार

गुरुजी वही वाचून म्हणतात, "आजकाल वाचा सगळ्याईले डॉक्टरकडंच काऊन धाडून राहिली?"

नंतरच्या माणसाला झोपेत स्वतःच म्हणाले, डॉक्टरांना दाखवावे.

हसू आलं. आणि मग आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

८ सप्टेंबर, सोमवार

संघमित्रानं कुंदाला कसं वळवलं ते तिलाच माहीत. तीन संध्याकाळी गोरेगावला जाऊन बसली, ड्यूटी करून, स्कूटीवर. आज गोंदियात तपासणी. सोनोग्राफी, मग सुई. कुंदाचा नवरा सुधाकर दुकान बंद करून आला होता. शिंपी माणूस, गळ्यातली टेप काढायचं विसरलेला.

डॉक्टर तरुण होते. "इतने दिन क्या किया?"

"तेल लावून राहिली होती," कुंदा म्हणाली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

रिपोर्ट. तेच आहे. यकृतावरही डाग. नागपूरला जा म्हणाले. मी विचारलं, फेब्रुवारीत आलो असतो तर? डॉक्टर सुधाकरकडे बघून म्हणाले, अभी उसका क्या.

घरी आले. गुरुजींना सांगावं लागलं. ते उठले, तखताची गादी गुंडाळली आणि भिंतीला उभी केली.

"माझ्या तोंडातून गेलं ते."

जेवले नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार

अकरा माणसं आली. गुरुजी परसात जाऊन बसले. मी दारातूनच सगळ्यांना परत पाठवलं. एक म्हातारा पाया पडत होता. दूरवरून आला होता, सालेकसाकडून, नातवाला फिट्स येतात म्हणून. त्याला दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. त्याला कागद नको होता.

२८ सप्टेंबर, रविवार

पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, वर कमळ. मी घाईघाईनं पानं उलटली. आहे. 'स्तन की गाँठ : वाणी का उपाय'. कुंदाचं नाव नाही, बाकी सगळं माझं, हिंदीत. खाली तेलाची बाटली, सेंटरमध्ये मिळेल. मोबाइलवरही फिरतंय म्हणे. दुर्ग, राजनांदगावपर्यंत.

मॅडमना फोन केला. ते पान काढा. ते वाचेत आलेलं नाही, मी लिहिलेलं आहे.

"दीदी, लिखा तो सब आपने ही है."

"तसं नाही. ते गुरुजी बोललेच नाहीत."

अगदी गोड आवाजात, "तो फिर वो वाणी आपके हाथ से आई होगी. आप दुखी हैं अभी. लोगों को इससे उम्मीद मिल रही है. उम्मीद मत छीनिए."

फोन ठेवला.

५ ऑक्टोबर, रविवार

गुरुजी दिवसेंदिवस वाळत चाललेत. दोन घास. कुंदासमोर जायला तयार नाहीत. पहिलं औषध चढवताना मी एकटीच नागपूरला गेले.

आज सांगितलं. सगळं, फेब्रुवारीपासून. पेन कोणतं होतं तेही सांगितलं. वाटलं, मारतील, घराबाहेर काढतील. निदान सुटतील तरी बिचारे.

ऐकलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मले वाचवाले सांगून राहिलीस व तू."

"अहो, खरं सांगते. तुम्ही बोलला नाहीत."

"मंग पोळ्याच्या आदल्या दिवशी तेच काऊन बोललो मी? कुंदानं सोता ऐकलं."

"वाचलं होतं म्हणून."

"पुरे सुनंदा. माझं पाप तू नको घेऊ."

आणखी काय करू? खरं बोलले तर त्यांना ते प्रेम वाटलं. या माणसाशी छत्तीस वर्षं संसार केला, आणि एवढी एक गोष्ट त्याच्या हातात देता येत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. गावात मंडईची, दिवाळीनंतरच्या जत्रेची तयारी, स्टेज बांधून राहिलेत. आमच्याकडे दिवे लावले तेवढेच. कुंदा आता इथंच राहते, दोन औषधांच्या मधले दिवस. गोरेगावात लोक बघायला येतात ते तिला नको. केस गेले. उशी मी झटकते, ती झोपलेली असताना.

गुरुजी तिचं जेवणाचं ताट दारापर्यंत नेतात, ठेवतात, परत फिरतात.

आज ती ओरडली, "भाऊजी, आत या ना! मी का वाघ हो?"

गेले. दाराशीच उभे राहिले. दोघंही धानाच्या भावाबद्दल बोलले.

९ नोव्हेंबर, रविवार

कुंदाला सांगितलं. तिचं डोकं पुसताना. समोर बसून सांगायचं धाडस नव्हतं, मागूनच सांगितलं.

ती म्हणाली, "मले माहीत हाये."

"काय माहीत आहे?"

"मी तिथंच बसली होती ना. पदराआडून पाहून राहिली होती. भाऊजीचे ओठ हलले नाही. तू लिहून राहिली होतीस."

"मग कुंदे, काऊन बांधलं तेल?"

"मले वाटलं, बाई लिहून राहिली म्हणजे बाईले काही माहीत असंल."

फडकं पाण्यात पिळत राहिले. पाणी गार होईपर्यंत.

"तुझ्यावर राग नाही," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आहे थोडा. कधी कधी लय येते. जाते मंग."

तिनं वाचेवर विश्वास ठेवला असता तर मी वाचेवर ढकललं असतं. आता कुठं ढकलू.

१६ नोव्हेंबर, रविवार

संघमित्राबरोबर मॅडमच्या सेंटरवर गेले. आत ध्यान चालू होतं, मंद वास, निळा दिवा. बाहेर टेबलावर पुस्तिकांचा गठ्ठा. संघमित्रा भांडली. मॅडमनी आम्हाला पाणी दिलं, नवी आवृत्ती निघेल तेव्हा बघू म्हणाल्या. आता त्यांच्याकडेच एक मुलगी पडून बोलते म्हणे. रायपूरची. तेलपट्टी तीही सांगते.

तक्रार लिहून देऊ, संघमित्रा म्हणते. मी लिहीन. त्यात माझंही नाव येईल, गुरुजींचंही. येऊ दे. गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेतांत कापणी संपत आली. कुंदाचा पुढचा स्कॅन मंगळवारी. डॉक्टर म्हणाले, त्यावर ठरवू औषध चालू ठेवायचं की नाही. ती सकाळपासून झोपून आहे. सुधाकर तिच्यासाठी सैल झंपर शिवून घेऊन आला. एक बाजू आत ओढलेली, दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून आतून काहीतरी लावलंय.

दुपारी फाटकाशी एक बाई. तिशी-बत्तिशीची, तिरोड्याकडची. हातात मोबाइल, त्यावर तेच पान. "गुरुजी हायेत का?"

"गुरुजी आता बघत नाहीत."

"लांबून आली. एकच पुसाचं होतं. तेल सकाळी लावाचं का संध्याकाळी?"

तिला ओट्यावर बसवलं. सांगितलं. हे मी लिहिलंय. मनानं लिहिलंय. माझी बहीण आत आहे, चल, बघ तिला. ती उठली नाही. मोबाइलकडे बघे, माझ्याकडे बघे.

"पण इथं तर छापून आलं हाये."

"छापलं तरी खोटंच आहे, पोरी. आजच्या आज दवाखान्यात जा. मी येते सोबत."

"नको. मी जातो."

संघमित्राचा नंबर कागदावर लिहून दिला. तिनं तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. रस्त्यावर ऑटोला हात केला, गोंदियाकडे जाणाऱ्या. दवाखानाही तिकडंच, मॅडमचं सेंटरही तिकडंच.

नाव विचारायचं राहिलं.